जनावरांतील दाह आणि स्टेरॉइड औषधांचा वापर



"डॉक्टर, ते सुजेचे इंजेक्शन द्या. मागच्या वेळी दिले तेव्हा संध्याकाळपर्यंत गाय चारा खायला लागली होती." अशी मागणी गावोगावच्या दवाखान्यांत रोज होत असते. मागणी करणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. इंजेक्शन दिल्यावर ताप उतरतो, सूज ओसरते, जनावर वैरणीला तोंड लावते. पशुपालकाला हायसे वाटते आणि औषधाच्या त्या छोट्या बाटलीवर त्याचा विश्वास बसतो. परंतु हेच इंजेक्शन चुकीच्या जनावराला किंवा चुकीच्या दिवशी दिले गेले, तर काय होते याचा एक प्रसंग प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पशुपालकाची दुसऱ्या वेताची संकरित गाय ओल्या फरशीवर घसरली. पुढच्या पायाचा गुडघा सुजला, गाय लंगडू लागली. पशुवैद्यक दुसऱ्या गावी गेलेले होते. म्हणून ओळखीच्या एका इसमाला बोलावले. त्याने सूज पाहिली, पाय दाबून पाहिला आणि मानेत इंजेक्शन दिले. गाय गाभण आहे का, हे त्याने विचारले नाही आणि मालकानेही सांगितले नाही, कारण सांगण्याची गरज आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी लंगडणे निम्म्याने कमी झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे गाय व्याली, विण्याला अजून जवळजवळ तीन आठवडे अवकाश असताना. कालवड झाली होती. ती उभीच राहू शकली नाही आणि दुसऱ्या दिवशी गेली. गाईची वार अडकली, गर्भाशयात पू झाला आणि ते सबंध वेत दुधाच्या दृष्टीने वाया गेले. मी गेलो तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात रिकामी बाटली पडलेली होती. तिच्यावर डेक्सामेथासोन हे नाव होते.

गुडघ्याची सूज त्या गाईला मारणारी नव्हती. थंड पाणी, विश्रांती आणि दोन दिवसांचा धीर एवढ्यावर ती बरी झाली असती. म्हणून सूज म्हणजे काय, ती का येते आणि हे औषध नेमके करते काय, हे पशुपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

दाह म्हणजे काय?

आपण ज्याला सूज म्हणतो तो एका मोठ्या घडामोडीचा एक भाग आहे. शास्त्रीय भाषेत या घडामोडीला दाह म्हणतात. कासदाह या शब्दातला दाह तो हाच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढे त्यात पाचव्याची भर पडली, ती म्हणजे त्या अवयवाचे काम थांबणे. कासदाह झालेल्या गाईकडे पाहा. सड लालसर दिसतो, कास फुगते, हाताला गरम लागते, गाय हात लावू देत नाही आणि त्या सडाचे दूध आटते. पाचही लक्षणे एका ठिकाणी पाहायला मिळतात.

काटा रुतला, मार बसला, जंतू शिरले किंवा गांधीलमाशी चावली, तर त्या जागच्या पेशी धोक्याचा इशारा देणारी रसायने सोडतात. त्यामुळे तेथील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त जास्त येते. लाली आणि उष्णता येते ती यामुळे. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात व रक्तातील पाणी आजूबाजूला झिरपते, हीच सूज. याच सैल झालेल्या भिंतींतून रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात. पहिली तुकडी काही तासांतच पोचते. पू म्हणजे बव्हंशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशीच होत. वेदनेचेही काम असते. दुखऱ्या पायावर जनावराने भार देऊ नये, अशी ती निसर्गाची व्यवस्था आहे.

तेव्हा दाह हा मूळ रोग नव्हे. रोगाला किंवा इजेला शरीराने दिलेले ते उत्तर आहे. दाह झालाच नाही, तर साधी जखमही भरून येणार नाही. दुधातील पेशींची संख्या ज्यांनी डेअरीत तपासून घेतली असेल, त्यांना ही लढाई आकड्यांत दिसली असेल. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी साधारणपणे दोन लाखांच्या आत असतात. कासदाहात त्या कित्येक लाखांवर जातात. त्यातील बहुतेक पांढऱ्या पेशी असतात.

मग दाह शमवायचा तरी कशाला? कारण हे उत्तर कधी कधी मूळ दुखण्यापेक्षा भारी पडते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या जनावराला ते इंजेक्शन मिळाले, तर घशाला सूज येऊन श्वास कोंडू शकतो. तेथे जंतू नसतो. शरीराचा स्वतःचा गोंधळच जीव घेऊ पाहतो. कधी दाह लवकर संपत नाही, महिनोन् महिने धुमसत राहतो. मग त्या जागी कामाची पेशी मरते आणि घट्ट तंतू भरतात. जुन्या कासदाहात सड दगडासारखा होतो. त्यालाच बऱ्याच भागांत दगडी म्हणतात. ती दगडी पुन्हा मऊ होऊन दूध देत नाही.

स्टेरॉइड कोठून आले?

जनावराच्या दोन्ही मूत्रपिंडांजवळ अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. तशा त्या माणसालाही असतात. या ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार होते. संकटाच्या वेळी साखर रक्तात आणणे, रक्तदाब सावरणे आणि दाह मर्यादेत ठेवणे ही त्याची कामे. शरीराने आग पेटवायची व्यवस्था केली तशी ती आटोक्यात ठेवण्याचीही केली आहे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला याच वर्गातील कॉर्टिसोन हे द्रव्य टोचले. ती काही दिवसांत चालू लागली. हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट अशी की, ते सुरुवातीचे कॉर्टिसोन प्रयोगशाळेत तयार झाले ते बैलांच्या पित्तातील आम्लापासून. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी जास्त जोरदार औषधे तयार केली. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलच्या सुमारे चौपट, तर डेक्सामेथासोन सुमारे २५ ते ३० पट प्रभावी आहे आणि एका इंजेक्शनचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. या सर्वांना मिळून कॉर्टिकोस्टेरॉइड म्हणतात. बोलण्यात नुसते स्टेरॉइड. पैलवानांच्या बाबतीत ज्या स्टेरॉइडची चर्चा होते ती वेगळी. ती स्नायू वाढवतात, ही मात्र जास्त दिवस दिली तर स्नायू झिजवतात.

पाटाचे दार आणि चारी

या औषधाचे काम पाटपाण्याच्या उदाहरणाने चांगले समजते. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यापासून दाह वाढवणारी रसायने तयार होतात. समजा हा मुख्य पाट आहे. त्याला पुढे चाऱ्या फुटतात. एका चारीतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये येतात. ताप, वेदना आणि लाली यांत त्यांचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या चारीतून पांढऱ्या पेशींना बोलावणारी द्रव्ये येतात. मेलोक्झिकॅमसारखी साधी वेदनाशामक औषधे पहिली चारी बंद करतात. स्टेरॉइड मुख्य पाटाचेच दार खाली सोडते. शिवाय ते पेशीच्या केंद्रात शिरून धोक्याचा इशारा देणारी इतर रसायनेही तयार होऊ देत नाही. म्हणून त्याचा परिणाम इतका ठळक दिसतो. हे काम केंद्रातून होत असल्याने त्याला काही तास लागतात. जीव घुसमटत असलेल्या ॲलर्जीत पहिले इंजेक्शन ॲड्रिनॅलिनचे असते, स्टेरॉइड त्याच्या मागून येते, ते याच कारणाने.

परंतु मुख्य दार बंद केले की ज्या वाफ्याला पाणी हवे होते तोही कोरडा पडतो. पांढऱ्या पेशी रक्तातच अडकून राहतात, सुजेच्या जागी पोचत नाहीत. जे पोचतात त्यांची जंतू मारण्याची ताकद कमी होते. जखम सावकाश भरते. लसीचा परिणाम नीट होत नाही, म्हणून स्टेरॉइड चालू असताना लस टोचू नये. आणखी एक घोटाळा होतो. स्टेरॉइडनंतर रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडा बदललेला दिसतो आणि रक्ततपासणी चकवते. आधी असे इंजेक्शन झाले असेल तर पशुवैद्यकाला ते अवश्य सांगावे. कोणी दिले हे सांगायचा संकोच वाटत असेल, तर नाव सांगू नये, पण औषध सांगावे.

फसवी सुधारणा

पशुपालकाला सर्वांत जास्त फसवते ती संध्याकाळची सुधारणा. स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक वाढते, जनावर तरतरीत दिसते. आत जंतू असले तर ते मात्र जिवंतच असतात आणि आता त्यांना अडवणारे कोणी नसते. दोन-तीन दिवसांनी औषधाचा अंमल उतरतो तेव्हा रोग दुप्पट वाढलेला आढळतो.

फऱ्या रोगाचे उदाहरण घ्या. सहा महिने ते दोन वर्षांच्या धडधाकट खोंडाच्या मांडीला एकाएकी सूज येते, जनावर लंगडते, ताप भरतो. सूज दाबली तर आत चरचर असा आवाज येतो. तो जंतूंनी तयार केलेल्या वायूचा. येथे लवकरात लवकर पेनिसिलिनच हवे. मार लागला असेल असे समजून सुजेचे इंजेक्शन दिले, तर जनावर हातचे जाते. घटसर्पात घशाखाली सूज येते, तिचेही तसेच. दोन्ही रोगांची लस पावसाळ्यापूर्वी मिळते, आणि तिच्यासमोर कोणतेही इंजेक्शन फिके आहे. नुकत्याच जन्मलेल्या वासराचे सांधे सुजले, तर बहुधा नाळेवाटे शिरलेले जंतू तेथे जाऊन बसलेले असतात. जन्मतः नाळेला टिंक्चर आयोडिन लावले असते तर ते शिरलेच नसते. अशा सांध्यात स्टेरॉइड देणे म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला झोपेची गोळी देणे होय.

लाळ्या खुरकूत आणि लम्पी चर्मरोग यांसारख्या विषाणूंच्या रोगांत तर विषाणू मारणारे औषध आपल्या हाती नसते. जनावर बरे होते ते स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर. २०२२ साली लम्पीच्या साथीत पायाला, पोळीला आलेली सूज पाहून अनेकांनी घाबरून सुजेच्या इंजेक्शनांचा आग्रह धरला होता. अशा वेळी स्टेरॉइड द्यायचे की नाही, किती आणि केव्हा, हा निर्णय जनावर तपासणाऱ्या पशुवैद्यकाचाच असावा. काही रोग अंगात दबा धरून बसतात. गोचीड तापातून बरे झालेल्या गाईच्या रक्तात थोडे परजीवी शिल्लक राहू शकतात. स्टेरॉइडने पहारा सैल झाला की ते पुन्हा डोके वर काढतात. लांबून बाजारातून आणलेले जनावर आठवडाभरात आजारी का पडते, याचेही एक कारण येथेच आहे. प्रवास, उपासमार, ऊन आणि अनोळखी कळप यांच्या ताणाने त्याच्या स्वतःच्या अंगातले कॉर्टिसोलच वाढलेले असते.

डेक्सामेथासोन हे नाव २०२०-२१ मध्ये घरोघरी पोचले. इंग्लंडमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या कोविड रुग्णांतील मृत्यू या स्वस्त औषधाने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. २०२१ मध्ये आपल्याकडे काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वारेमाप वापर ही त्याची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली. औषध एकच, पण दाहानेच फुप्फुस बिघडत होते त्याला ते तारक ठरले, इतरांना नाही. गोठ्यातही हाच न्याय लागू आहे.

गाभण जनावर

आता त्या पहिल्या गाईकडे वळू. तिला इंजेक्शनाने वेळेपूर्वी का विणे आले?

गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. विण्याची वेळ कोण ठरवते, असे विचारले तर बहुतेक जण गाय असे उत्तर देतील. खरे पाहता ती वेळ पोटातले वासरू ठरवते. शेवटच्या दिवसांत वासराच्या अधिवृक्क ग्रंथी पक्व होतात व त्यांतून कॉर्टिसोल वाढते. या इशाऱ्याने वारेतील संप्रेरके बदलतात. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन उतरते, दुसरी संप्रेरके चढतात आणि कळा सुरू होतात. याच कॉर्टिसोलने वासराची फुप्फुसे श्वासासाठी तयार होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेंढ्यांवर काम करून ही गोष्ट उलगडली. आज वेळेपूर्वी बाळंत होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना बाळाच्या फुप्फुसांसाठी जे स्टेरॉइड देतात, त्याचे मूळ त्या मेंढ्यांत आहे. स्त्रियांत या इंजेक्शनाने कळा सुरू होत नाहीत. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत मात्र होतात.

म्हणजे बाहेरून टोचलेले डेक्सामेथासोन वासराचा खोटा निरोप गाईला पोचवते. विण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून २० ते ३० मिलिग्रॅम औषधाने गाय एक ते तीन दिवसांत विते. गर्भ फार मोठा असेल किंवा गाईचा जीव धोक्यात असेल, तर पशुवैद्यक मुद्दाम ही युक्ती वापरतात. आता हिशेब करा. बाजारातील नेहमीच्या औषधात एका मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असते. सुजेसाठी म्हणून सहज भरली जाणारी ५ ते १० मिलिलिटरची सिरिंज म्हणजे २० ते ४० मिलिग्रॅम. सुजेचा डोस आणि विण्याचा डोस एकच आहे! गाभण जनावराच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे औषध टाळावे, असे म्हणतात ते यासाठी. अशा वेळेपूर्वी झालेल्या विण्यात वार अडकण्याचे प्रमाणही बरेच असते.

येथे पहिलारू कालवडीबद्दल दोन शब्द. विण्याच्या आठ-दहा दिवस आधी कास दगडासारखी फुगते, सूज बेंबीपर्यंत येते आणि मालक घाबरतो. सडातून दूध फाटके येत नसेल, कालवड खात-पीत असेल, तर ही सूज बहुधा रोगाची नसते. कासेकडे रक्त वाढल्याने पाणी साचलेले असते. मीठ कमी करावे, कालवडीला फिरवावे, कासेला खालून वर हलके चोळावे. व्याल्यावर नीट धार काढू लागले की ती ओसरते. या सुजेवर विण्यापूर्वी स्टेरॉइड देण्याचा मोह सर्वांत जास्त होतो आणि तेथेच ते सर्वांत जास्त घात करते.

मग द्यायचे केव्हा?

एवढे वाचून हे औषध विषच आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. योग्य जागी ते दुसऱ्या कशानेही होणार नाही असे काम करते. ॲलर्जीत, गांधीलमाश्यांच्या मोहोळाने झोडपलेल्या जनावरात, जंतू नसलेल्या सांध्याच्या किंवा स्नायूंच्या तीव्र दाहात त्याचा उपयोग होतो. जास्त दुधाच्या गाईला व्याल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत किटोसिस होतो. दुधात जाणारी साखर खाद्यातून भरून निघत नाही, अंगातील चरबी जळते, श्वासाला गोडसर उग्र वास येतो, गाय खुराक सोडून नुसती वाळली वैरण खाते. या रोगात ग्लुकोजबरोबर स्टेरॉइडचे इंजेक्शन पशुवैद्यक देतात. त्याने रक्तातील साखर वाढते आणि काही दिवस दूध उतरल्याने साखरेची मागणीही घटते. दूध घटले म्हणून मालक कुरकुरतो, पण येथे ते घटणे हाच उपचाराचा भाग असतो.

सडात सोडायच्या कित्येक नळ्यांवर प्रतिजैविकाच्या खाली प्रेडनिसोलोनचे नाव बारीक अक्षरांत असते. ते प्रमाण थोडे, कासेपुरते आणि जंतुनाशकाच्या जोडीने असते. त्यामुळे सडाची आतली सूज उतरून औषध पुढे सरकते व गाठी बनणे कमी होते. जंतुनाशकाची जोड असल्याशिवाय मात्र कासदाहात नुसते स्टेरॉइड देऊ नये. डोळ्याच्या मलमांतही ते असते. बुबुळावर पांढरा व्रण असताना असे मलम घातले, तर व्रण खोल जाऊन डोळा फुटू शकतो. घरातले जुने मलम बैलाच्या डोळ्यात घालण्याची सवय सोडावी.

औषध काही दिवसांहून जास्त द्यावे लागले, तर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते. बाहेरून आयते मिळते म्हटल्यावर ती कॉर्टिसोल करणे थांबवते. असे औषध एकदम बंद केले तर जनावर गळून पडते. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. गाई-म्हशींत इतके दिवस क्वचितच लागते, पण राखणीच्या कुत्र्याला खाजेसाठी महिनाभर गोळ्या चालू असतील तर हे ध्यानात असू द्यावे. माणसांच्या गोष्टीत पडण्याचा मला अधिकार नाही. तरीही सांगतो, गुडघेदुखीसाठी बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. अशा पुडीने ज्यांचा गुडघा आठ दिवसांत थांबला आणि तोंड सुजल्यासारखे गोल झाले, त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन दाखवावे. पुडी मात्र बरोबर न्यावी आणि आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

साध्या सुजेवर साधे उपाय

मुका मार, मुरगळ किंवा जुवाने आलेली खांदेसूज यांत पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याची धार दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे धरावी. त्यानंतर कोमट पाण्याचा शेक द्यावा. पहिल्याच दिवशी गरम शेक दिला तर सूज वाढते. सूज पूर्ण जाईपर्यंत बैल जुंपू नये आणि जू बदलले नाही तर सूज परत येणार, हे गृहीत धरावे. पेरणीच्या घाईत हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

वेदना फार असेल तर पशुवैद्यक बहुधा मेलोक्झिकॅम निवडतात. त्यामागे आणखी एक कारण आहे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९९० च्या दशकापासून आपल्याकडची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. मेलोक्झिकॅम गिधाडांना निर्धोक आढळले आहे. माणसांच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून बैलाला टोचणे कायद्याने चूक आहेच. स्टेरॉइड आणि वेदनाशामक अशी दोन्ही एकाच वेळी दिल्यास चौथ्या पोटात व्रण पडण्याचा धोका वाढतो, म्हणून एकावर एक इंजेक्शने घेण्याचा आग्रह धरू नये.

स्टेरॉइड हे चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. पदविकाधारकांनी काही किरकोळ सेवा त्याच्या देखरेखीखाली द्यावयाच्या आहेत. दवाखाना लांब असल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क क्रमांक आहे. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध डेअरीला घालू नये, हे बाटलीवर लिहिलेले असते किंवा पशुवैद्यक सांगतात. तेवढे दिवस ते दूध वेगळे काढावे.

त्या पशुपालकाच्या गोठ्यात आता दावणीच्या वर एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर खडूने प्रत्येक गाईचे नाव, भरवल्याची तारीख आणि विण्याची अंदाजे तारीख लिहिलेली असते. विण्याला तीन महिने उरले की तो त्या नावापुढे लाल रंगाने फुली मारतो. गोठ्यात कोणीही सिरिंज घेऊन आला की पहिल्यांदा त्याला त्या पाटीपुढे उभे करतो. मीही त्याला अपवाद नाही.